कानाला लागलेला हात

आडे सर गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकावर फ्लेक्स लागला. मधोमध सरांचा ओळखपत्रातला फोटो, वर मोठ्या अक्षरात ‘क्रीडामहर्षी’, आणि खाली संस्थेच्या अध्यक्षांपासून सहकोषाध्यक्षांपर्यंत अकरा जणांचे हसरे चेहरे. सरांच्या मागे काहीतरी हॉकीचे हवे म्हणून महागावच्या फ्लेक्सवाल्याने मोबाईलवर शोधून एक चित्र टाकले होते. बर्फावर घसरणारे, तोंडाला जाळ्या बांधलेले गोरे लोक. आडे सरांनी जन्मात बर्फ पाहिला तो रसवंतीवर, पोत्यात गुंडाळलेला. चित्र त्यांनी पाहिले असते तर जवळ जाऊन, चष्मा वर करून नीट न्याहाळले असते आणि म्हणाले असते, “राहू द्या. स्टिक तं बरोबर धरली हाये नं त्याईनं.”

फ्लेक्सवरचा मजकूर माझा होता. मी या आश्रमशाळेत गेली चोवीस वर्षे मराठी शिकवतो, आणि संस्थेला लागणारी मानपत्रे, स्वागतपर भाषणे, निरोपाची भाषणे व श्रद्धांजल्या लिहितो. अक्षर बरे आहे आणि विशेषणे सांभाळून वापरतो, एवढ्या दोन गुणांवर हे काम माझ्याकडे आले. ‘क्रीडामहर्षी’ मात्र माझे नाही. मी ‘हॉकीचे शिक्षक’ एवढेच लिहिले होते. अध्यक्षांना ते उघडेबोडके वाटले.

शोकसभेत नऊ जण बोलले. पाहुण्यांच्या गाड्या मैदानावर, गोलच्या तोंडाशी लावल्या होत्या. अध्यक्ष म्हणाले, सरांनी तांड्यावरच्या मुली राष्ट्रीय पातळीवर नेल्या. शोकसभेत टाळ्या वाजवायच्या नसतात म्हणून लोकांनी माना हलवल्या. खरे म्हणजे एकही गेली नाही. एक जाणार होती, रोशनी पवार. ती बारा दिवसांनी राहिली. ते बारा दिवस आडे सरांनी तिला दिले होते, आणि लिहिले मी होते. सूत्रसंचालन माझ्याकडे होते. मी पुढच्या वक्त्याचे नाव पुकारले.

सर दिसायला खेळाडू वाटायचे नाहीत. बुटके, थोडे पोट सुटलेले, पायात बारमाही कॅनव्हासचे बूट आणि अंगात पांढरा शर्ट. शर्टाच्या खिशात लोक पेन ठेवतात, तिथे त्यांची शिट्टी असायची. पेन लागला की ते माझा घ्यायचे आणि परत द्यायचे नाहीत. बी.पी.एड. करायला ते तरुणपणी अमरावतीला होते, तिथे त्यांना हॉकीचा नाद लागला. नोकरी लागली ती आमच्याकडे, पहिलीच्या वर्गावर. ज्या भागात लोकांना हॉकी हा शब्द मारामारीच्या बातमीतून माहीत होता, त्या भागात हा माणूस पहिलीला अंकलिपी शिकवून संध्याकाळी मोठ्या मुलींना स्टिक धरायला शिकवायचा. पुढे खेळाच्या शिक्षकाची जागा निघाली आणि संस्थेने ती त्यांना दिली, कारण अध्यक्षांच्या भाच्याला ती नको होती.

मैदान असे काही नव्हतेच. वसतिगृहामागे मुरमाड जागा होती, इतकी खडकाळ की बकऱ्यासुद्धा काठाकाठाने जात. सरांनी एक नियम केला. मैदानात पाऊल टाकणाऱ्याने, मग तो कोणीही असो, आधी मूठभर खडे वेचून कुंपणापलीकडे टाकायचे. मुली रोज वेचत. मुख्याध्यापक एकदा तपासणीसाठी आले तर त्यांनाही वाकायला लावले. मी नुसता खेळ पाहायला जायचो, तरी मूठभर खडे मलाही चुकायचे नाहीत.

“सर, वीस वर्षं झाली. अजून खडे संपत नाहीत?” मी एकदा विचारले.

“संपत नाहीत जी. पाऊस आला का खालचे वर येते.”

“मग उपयोग काय?”

“आज सकाळपुरता हाये नं.”

त्यांचे बहुतेक तत्त्वज्ञान एवढ्याच लांबीचे असायचे.

स्टिक धरायला शिकवताना ते सांगत, की खेळतो तो डावा हात. तो वर असतो, तोच स्टिक फिरवतो. उजवा हात खाली नुसता सोबतीला. नव्या मुलींना हे पटायचे नाही, सगळा जोर उजव्यात. मग सर म्हणत, “आमच्या घरी पाह्यता नं तुम्ही? डावा हात म्हंजे तुमची काकू. उजवा मी. लोकायले मी दिसतो, फिरवते थे.” मैदानाच्या काठावर डबा घेऊन बसलेल्या कमलबाई पदर तोंडाला लावून हसत. मग ओरडत, “शिकवा न गुमान, माह्या हाताचं काय काढलं.”

ही थट्टा नव्हती, वस्तुस्थिती होती. घरी विचारल्याशिवाय सर काहीही करत नसत. सामन्यात मध्यंतराची शिट्टी झाली की बाकीचे प्रशिक्षक मुलींवर ओरडायला धावत. आडे सर आधी फोन लावत. “दोन-एक. हाव, मांगं हाओ. काय करू, तिले उजवीकून घेऊ का?” पलीकडून कमलबाई एकच प्रश्न विचारत, पोट्ट्या जेवल्या का. त्यांना हॉकी कळत होती की नाही हे मला शेवटपर्यंत समजले नाही, पण त्यांना विचारून केलेला बदल चुकला असे फारसे झाले नाही. शाळेत बाई शिक्षिका नव्हत्या, म्हणून संघ बाहेरगावी मुक्कामाला निघाला की मुलींच्या सोबतीला कमलबाईच जात. संघाचे निळे सदरे त्याच धूत. शाळेसमोरच्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरापुढे दोरीवर ओळीने अकरा सदरे वाळत. नवा पोस्टमन आला तेव्हा त्याने मला हळूच विचारले होते, “साहेब, या घरी किती पोरी हायेत?” पोरगी एकच होती, वैशाली. पण त्याला खरे काय ते सांगावेसे वाटले नाही.

एकदा तालुक्याच्या स्पर्धा आमच्याकडे भरल्या. उद्घाटनाला एक पुढारी येणार होते. ते तीन तास उशिरा आले. तोवर सहा शाळांच्या मुली उन्हात रांगेत. साहेबांच्या हाती स्टिक दिली, समोर चेंडू ठेवला, कॅमेरे सरसावले. साहेबांनी स्टिकच्या गोल, उलट्या बाजूने फटका मारला. चेंडू हलला नाही. मग त्यांनी हसत हसत बुटाने तो पुढे ढकलला. टाळ्या सुरू झाल्या आणि त्यातच शिट्टी वाजली.

“फाउल,” आडे सर म्हणाले.

टाळ्या थांबल्या.

“उलट्या बाजूनं मारलं साहेब. अन् पाय बी लागला.”

कॅमेरे असल्यामुळे साहेब हसले. अध्यक्षांच्या चेहऱ्याचे वर्णन मी एखाद्या मानपत्रात करू शकणार नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी सरांना बोलावून घेतले. “आडे, तुले काही समजते का नाही?” सर म्हणाले, “तोंडातच होती जी शिट्टी. आपोआप वाजली.” त्या वर्षी आम्हाला नवे चेंडू आले नाहीत. जुने चेंडू कमलबाईंनी भांड्यांच्या राखेने घासून पांढरे केले. मुलींना मात्र एकाच गोष्टीची उत्सुकता होती, की त्या फाउलची फ्री हिट कोणाला मिळाली. सर म्हणाले, “तुमालेच. घेतली काहून नाही मंग?”

आता रोशनीविषयी.

आमची शाळा तांड्यांवरच्या मुलांसाठी आहे, पहिली ते दहावी, राहण्या-जेवणासह. बहुतेकांचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात ते होळीच्या पुढेमागे येतात. मूल शाळेत दाखल झाले तर वसतिगृहात राहते, नाही झाले तर आईबापाबरोबर फडात जाते. त्यामुळे जून महिन्यात आम्ही शिक्षक तांड्यातांड्यांवर फिरून मुले गोळा करतो. आता सगळ्यांचे जन्मदाखले असतात. तेव्हा नसत, निदान फडात जन्मलेल्या मुलांचे तर नसतच. पहिलीला वय सहा पूर्ण लागते. ते ठरवायची रीत अशी: मुलाने उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान पकडायचा. बोटे कानाला लागली तर सहा झाली. नाही लागली तर पुढच्या वर्षी या. जन्मतारीख म्हणून मग सगळ्यांना एक जून लिहायचे. आमच्या रजिस्टरावर विश्वास ठेवला तर या भागातल्या बाया वर्षातून एकाच दिवशी बाळंत होतात.

आडे सरांना हे एक जून आवडायचे नाही. ते म्हणत, “काहून जी, बारा महिने असते नं वर्षात. लेकराले सोताचा एक दिवस पाह्यजे.” म्हणून ज्यांना काहीच माहीत नसायचे त्यांना ते आपल्या मनाने तारखा देत. कोणाला पोळ्याच्या आसपास, कोणाला संक्रांतीला. नोंद त्यांच्या वर्गाची, पण अक्षर माझे बरे म्हणून लिहायला मी.

रोशनीला तिच्या आजीने आणले होते. आजीच्या अंगावर जुन्या वळणाचा, आरशांचा घागरा होता आणि बोलणे सगळे गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या भाषेत. सर तिला ‘याडी’ म्हणजे आई म्हणून बोलत होते आणि मधूनमधून मला मराठीत सांगत होते. पोर फडात झाली. कोणत्या साली ते माहीत नाही. आईबाप दिवाळीला परत जातील. यंदा आजी पण जाईल, घरी कोणी नाही.

पोर किडकिडीत होती. नाक वाहत होते. पाच वर्षांची असेल, फार तर साडेपाच.

“लहान आहे सर,” मी म्हणालो.

“पाहू, पाहू. छोरी, कान धर.”

रोशनीने हात डोक्यावरून नेला. तिचे हात अंगाच्या मानाने भलतेच लांब होते. नुसती बोटे टेकली नाहीत, तिने अख्खा कान मुठीत धरला, आणि काहीतरी जिंकल्यासारखे आमच्याकडे पाहिले.

“लागला. लिहा राऊत सर.”

“तारीख?”

सरांनी जरा विचार केला. वैशाली तेव्हा पाचवीत होती आणि तिचा वाढदिवस वीस डिसेंबरला असायचा. त्या दिवशी कमलबाई गुळाचा शिरा करत. सर म्हणाले, “वीस डिसेंबर लिहा. आईबाप तवा फडात राहीन. आमच्या घरी शिरा राह्यतेच. दोघींचा होऊन जाईन.”

जूनमध्ये सहा पूर्ण दिसायला हवीत, म्हणजे डिसेंबर आधीच्या वर्षाचा धरावा लागतो. मी तो धरला. शाई निळी होती. ओळ आजही स्वच्छ वाचता येते.

दहा वर्षे रोशनीने वीस डिसेंबरला सरांच्या घरी शिरा खाल्ला. मधल्या काळात तिचे हात आणखी वाढले. सहावीत सरांनी तिला गोलमध्ये उभे केले. गोलरक्षकाचे पॅड आमच्याकडे नव्हते. कमलबाईंनी जुन्या गादीचे चार तुकडे करून, पायांना बांधायला नाड्या लावून दिल्या. ते गादीचे पाय घेऊन ती अशी काही झेपावायची की समोरची मुलगी मारण्याआधीच चुकायची. मी कौतुक जपून करणारा माणूस आहे. पण दोन्ही हात पसरून ती गोलमध्ये उभी राहिली की मागचे काही दिसायचे नाही, एवढे मी सांगू शकतो.

ती दहावीत असताना एका मोठ्या निवासी प्रशिक्षण केंद्राची निवड चाचणी यवतमाळला ठरली. जी मुलगी निवडली जाईल तिचे पुढचे शिक्षण, राहणे, खेळ, सगळे तिकडेच. आमची शाळा दहावीला संपते. दहावीनंतर रोशनीपुढे दोन वाटा होत्या, ते केंद्र किंवा फड. तिच्या बापाने सरांना सरळ सांगितले होते, “भेटलं तं जाऊ द्या सर. नाही तं दिवाळीले मी घेऊन जातो. जोडीले माणूस पाह्यजे, अन् स्थळ बी आलं हाये.” सर त्या महिन्यात कमी बोलत. खडे मात्र मुलींपेक्षा जास्त वेचायला लागले होते.

चाचणीला आम्ही चौघे गेलो. सर, कमलबाई, रोशनी आणि कागदपत्रांची पिशवी घेऊन मी. सकाळभर तिला पाहणारे निवडीचे लोक आपापसांत बोलायचे थांबले होते. एक जण तर खुर्ची उचलून गोलच्या मागे जाऊन बसला. दुपारी तिला हाक मारून टेबलापाशी बोलावले. टेबलावरच्या अधिकाऱ्याने शाळेचा दाखला उलगडला, नियमाचा कागद शेजारी ठेवला आणि बोट एकावरून दुसऱ्यावर नेले.

“एक जानेवारी किंवा त्यानंतरचा जन्म पाहिजे. हिचा वीस डिसेंबर आहे.”

सर टेबलाजवळ सरकले. मग म्हणाले, “थे तारीख माही हाये.”

“म्हणजे?”

“मीच देल्ली. थे मोठी नाही साहेब, उलट लहानच हाये. हात लांब होते म्हणून कान लागला.”

अधिकारी माणूस वाईट नव्हता. त्याने पूर्ण ऐकून घेतले. “सर, मुलगी काय आहे ते मलाही दिसतं. पण कागद बारा दिवसांनी मोठा आहे.”

“तारीख खोटी हाये, असं लिहून देतो. सही करतो. माह्यावर काय करायचं थे करा.”

“द्या की लिहून. पण ही खोटी म्हटल्यावर खरी कोणती?”

सरांनी कमलबाईंकडे पाहिले. मध्यंतरात फोन लावायचे तसे. कमलबाईंपाशीही उत्तर नव्हते. रोशनीपाशी नव्हते, तिच्या आईपाशी नव्हते. ज्या फडात ती झाली तो ऊस त्याच हंगामात तुटून गेला होता. तिला सगळ्यांसारखा एक जून लिहिला असता, म्हणजे त्या डिसेंबरच्या पुढच्याच वर्षाचा, तर ती नियमात आरामात बसली असती. आमच्या शाळेची आळशी, खोटी, सरकारी एक जून तारीख. हे माझ्या लक्षात आले तेव्हा मी पिशवीतले कागद नीट लावत होतो. सरांच्या आधीच लक्षात आले असणार.

परतीच्या एस.टी.त रोशनी खिडकीशी बसली होती. गादीचे पॅड मांडीवर. आर्णी मागे पडली. मग तिने समोर पाहतच विचारले, “काकू, मंग माहा वाढदिवस खोटा होता का?”



“शिरा तं खरा होता नं माय,” कमलबाई म्हणाल्या.

पोरीने पॅडच्या नाड्या सोडल्या आणि पुन्हा बांधल्या.

सरांनी तो नाद सोडला नाही. नोंद मी मनाने केली, ती चुकीची आहे, दुरुस्त व्हावी, असा अर्ज त्यांनी वरच्या कार्यालयात दिला. अध्यक्षांनी आधी समजावले, मग दटावले, कारण एक तारीख खोटी निघाली तर रजिस्टरातले सगळेच एक जून उभे राहून बोलायला लागले असते. कार्यालयाने तारीख दुरुस्त केली नाही. सरांना कारणे दाखवा नोटीस काढली. चौकशीला माणूस आला, मुख्याध्यापकांच्या खोलीत बसला. मी शेजारच्या खोलीत वह्या तपासत होतो. मधल्या भिंतीला वरून फट आहे, सगळे ऐकू येते.

“नोंद तुम्ही केली?”

“हाव. मीच.”

“हे अक्षर तर तुमच्या अर्जातल्या अक्षरासारखं दिसत नाही.”

“तवा माहं अक्षर चांगलं होतं जी,” आडे सर म्हणाले.

मी उठून त्या खोलीत जाऊ शकलो असतो. चार पावलांचे अंतर आहे. मी वह्या तपासल्या. त्या दिवशी तपासलेल्या वह्यांत एकाही मुलाची चूक काढली नाही, हे मला नंतर दिसले. बाहेर आल्यावर सरांनी माझ्याकडे पेन मागितला, शेरा वाचल्याची सही केली आणि पेन खिशात घातला. या विषयावर ते माझ्याशी कधी बोलले नाहीत. मीही बोललो नाही. मला वाटत होते, वेळ आहे.

दिवाळीनंतर रोशनी बापाबरोबर गेली. पुढच्या उन्हाळ्यात तिचे लग्न झाले, कागदावर तोवर अठरा व्हायला अवकाश होता, पण लग्नाच्या मांडवात दाखला कोण पाहतो. फडातून तिचा एकदा कमलबाईंना फोन आला. सरांनी फोन हातात घेऊन कानाला धरला. मग विचारले, “कशी हायेस?” ती म्हणाली, “चांगली हाओ सर. हात कामी पडते इथं. मोळी एका झटक्यात डोक्शावर.” सर म्हणाले, “हाव.” आणि फोन बायकोकडे दिला.

त्या वर्षी वीस डिसेंबरला वैशालीचा नागपूरहून मला फोन आला. ती तिथे एका दवाखान्यात नर्स आहे. “काका, बाबानं मले फोन बी नाही केला. दरसाल सकाळी सहाले करते. तुम्ही बोला न त्यायच्यासंग.” मी गेलो. घरात शिऱ्याचा वास नव्हता. सर अंगणात बसून स्टिकला पट्टी गुंडाळत होते, गुंडाळत होते आणि पुन्हा उलगडत होते. मी काही बोलायच्या आत म्हणाले, “राऊत सर, पोरीचा दिवस मी रोशनीले देऊन टाकला. आता माह्या पोरीले कोणता देऊ?”

पुढे पावसाळ्यात त्यांना मैदानावरच झटका आला. उजवी बाजू गेली. तोंड बचावले, त्यामुळे बोलता येत होते; एवढीच सवलत. भेटायला येणाऱ्यांना ते सांगत, “उजवा गेला. सोबतीलेच होता. डावा हाये,” आणि कमलबाईंकडे मानेने दाखवत. लोक हसत. कमलबाई हसत नसत. संघ मोडला. सदऱ्यांची दोरी रिकामी राहिली, मग तिच्यावर सरांची लुंगी आणि चादरी वाळायला लागल्या. खेळाच्या तासाला मुलींना पाठ वाचायला सांगत. मी एक-दोनदा मैदानावर गेलो आणि सवयीने वाकलो. मूठभर खडे टाकून काही फरक पडेल असे ते मैदान राहिले नव्हते.

मी त्यांना शेवटचे पाहिले ते माघ महिन्यात, जाण्याच्या आठेक दिवस आधी, सकाळी शाळेत जाताना. ते अंगणात खुर्चीवर उन्हाला बसले होते. दवाखान्यातल्या माणसाने हाताचा व्यायाम सांगितला होता, रोज जमेल तेवढा हात वर न्यायचा. सर डाव्या हाताने उजवे मनगट धरून तो हात वर ओढत होते. मी फाटकाशी थांबलो. हात खांद्याच्या वर गेला, कपाळापर्यंत आला, आणि मला कळले की ते काय करत आहेत. ते तो डोक्यावरून पलीकडे नेत होते. कानाकडे.

हात अर्ध्यात सुटून मांडीवर पडला. त्यांनी मला पाहिले.

“नाही लागत राऊत सर,” ते म्हणाले. “सहा पुरे नाही झाले माहे.”

मी फाटक उघडून आत गेलो. आतून कमलबाई ओले हात पुसत आल्या. त्यांनी ते ऐकले असावे. त्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या, सरांचा उजवा हात कोपरापाशी धरला आणि सावकाश, शिवणयंत्रावर कापड सरकवतात तसा, डोक्यावरून पलीकडे नेला. वाळलेली बोटे डाव्या कानाला टेकली. त्यांनी ती तिथे दाबून धरली.

“लागला,” कमलबाई म्हणाल्या.

सर तसेच बसून होते, कान धरून, उन्हात. मग त्यांनी मान न हलवता नुसते डोळे माझ्याकडे वळवले.

“लिहू नका,” ते म्हणाले.